मोटारीच्या पुढील दिव्यांची सुधारणा

मुळशी तालुक्यांतील शेतकऱ्याचें वाहन हें बऱ्याच अंशीं रात्रीं चालणारें वाहन आहे. भाजीपाला पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत उजाडण्यापूर्वीं पोंचला पाहिजे, दूध पहांटे निघालें पाहिजे, आणि भाताची मळणी उरकून ट्रॅक्टर घरीं परतावयाचा तो बहुधा दिवेलागणीनंतरच. रस्ता म्हणावा तर चांदणी चौकापासून भूगांव, भुकूम, पिरंगुट, पौड असा वाढत्या वस्तीचा, आणि पौडाच्या पुढें धरणाचा कांठ व ताम्हिणीचा घाट असा वळणांचा, झाडीचा व धुक्याचा. कारखान्यांचे ट्रक, सुटीच्या दिवशीं घाटांत जाणाऱ्या पुणेकरांच्या मोटारी, आमचे ट्रॅक्टर, दुचाक्या, गुरें आणि पायीं चालणारीं माणसें या सर्वांस तोच एक रस्ता. मुळशीच्या पाण्यावर भिरा येथें १९२७ पासून वीज होऊं लागली व ती मुंबईस गेली. परंतु त्याच पाण्याच्या कांठानें जाणाऱ्या रस्त्यावर आजही कोसचे कोस गाडीच्या दिव्याखेरीज दुसरा उजेड नसतो.

अशा रस्त्यावर ‘आमच्या गाडीचा उजेड कमी पडतो’ ही तक्रार साहजिक आहे, आणि बाजारांत तिच्यावरचा उपायही तयार असतो : जास्त वॅटचा बल्ब, निळसर पांढरा एलईडी बल्ब, किंवा बंपरावर आडवी बसविलेली दिव्यांची पट्टी. या तिन्ही उपायांविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. तें कां, आणि त्यांऐवजीं काय केल्यास त्याच गाडीचा उजेड खरोखर सुधारतो, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम दिव्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे, कारण सर्व घोटाळ्याचें मूळ तेथें आहे. पुष्कळ पिकअप, जीपगाड्या व जुन्या मोटारी यांत एच-४ नांवाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यांत दोन तारा असतात. एक अप्परची, ६० वॅटची, व दुसरी डिप्परची, ५५ वॅटची. अप्परची तार परावर्तकाच्या, म्हणजे आंतील चकचकीत वाटीच्या, नेमक्या केंद्रावर असते, व तिचा प्रकाश सरळ लांब जातो. डिप्परची तार केंद्राच्या किंचित् पुढें असून तिच्या खालीं पत्र्याची एक लहानशी पन्हळ असते. तिच्यामुळें त्या तारेचा प्रकाश वाटीच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून खालीं, रस्त्याकडे, वळतो. डिप्परचा उजेड भिंतीवर पाडून पाहिल्यास वर अंधार, खालीं उजेड व मध्यें स्पष्ट रेषा दिसते ती यामुळें. या रेषेवर सर्व कांहीं अवलंबून आहे. रेषेच्या खालीं आपला रस्ता, आणि रेषेच्या वर समोरून येणाऱ्याचे डोळे. म्हणजे बल्ब, वाटी व कांच हे तीन स्वतंत्र जिन्नस नव्हेत. एकासाठीं दुसरें बेतलेलें असतें, आणि त्यांत तारेची जागा एखाद्या मिलिमीटरानें चुकली तरी रेषा फिसकटते.

आतां एच-४ च्या खोबणींत बसणारा एलईडी बल्ब घ्या. त्यांत बारीक गोल तार नसते. एका धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंस चपटे प्रकाशकण चिकटविलेले असतात. पट्टीला जाडी असते, प्रकाश दोन बाजूंस अधिक व वरखालीं कमी पडतो, आणि वाटीला अपेक्षित असलेल्या जागेंतून तो निघत नाहीं. परिणाम असा होतो, कीं गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरांत पांढराशुभ्र उजेडाचा सडा पडतो, कांहीं प्रकाश रेषेच्या वर उधळतो, आणि दूर, जेथें खरोखर पाहावयाचें असतें तेथें, पूर्वीइतकाही पोंचत नाहीं. जवळच्या लख्ख उजेडानें चालविणाराची बाहुली आकुंचन पावते व दूरचें अधिकच अंधारें होतें. तरीही बसविणारा खूष असतो. कारण दुकानापुढें गाडी उभी करून भिंतीवर पाहिलें तर नवा उजेड जुन्यापेक्षां प्रखर दिसतोच. दुकानांतील ही परीक्षाच खोटी आहे. परीक्षा करावयाची तर साठ मीटरांवर काळी घोंगडी पांघरलेला माणूस उभा करून करावी.

ज्या गाडीस कारखान्यांतूनच एलईडी दिवा आला आहे तिच्याविषयीं हें बोलणें नाहीं. तेथें वाटी अथवा भिंग त्या प्रकाशकणांसाठींच घडविलेलें असतें. जुन्या वाटींत घातलेल्या झेनॉन नळीचा प्रकार तर एलईडीहूनही वाईट. युरोपांत इतक्या प्रखर दिव्याबरोबर भार पाहून आपोआप खालींवर होणारी रचना व कांच धुणारें यंत्र हीं सक्तीचीं केलेलीं आहेत. आमच्याकडे मात्र ती नळी तशीच घुसडली जाते.

जास्त वॅटच्या बल्बाचा हिशेब अगदीं सोपा आहे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टांवर ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा सव्वाआठांहून अधिक घेतो. उजेड सुमारें पावणेदोनपट होतो खरा. परंतु अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत उजेड विरळ होत असल्यामुळें दिसण्याचें अंतर सव्वापटीहून फारसें वाढत नाहीं. उलट तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे पावणेतीनपट, वाढते. वितळलेलें होल्डर, काळी पडलेली प्लास्टिकची वाटी व स्विचांतून येणारा जळका वास यांचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. सव्वापट अंतरासाठीं गाडी पेटण्याचा धोका पत्करणें हा सौदा शेतकऱ्यानें तरी करूं नये. पिकअप जळाली तर तिच्याबरोबर हंगामाची वाहतूकही जाते.

समोरच्याचे डोळे दिपले तर आपलें काय जातें, असें कोणी म्हणेल, तर त्यानें पुढील आंकडे पाहावे. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत १६ ते १७ मीटर जाते. प्रखर उजेडानें दिपलेल्या डोळ्यास पूर्ववत् दिसूं लागण्यास कांहीं सेकंद लागतात, व वय वाढलेल्या माणसास त्याहून अधिक. पांच सेकंद धरले तरी समोरचा गाडीवाला ८० मीटरांहून अधिक अंतर आंधळेपणानें तोडतो, आणि तें अंतर तो आपल्याच बाजूस येत असतांना तोडतो. घाटांत दोन गाड्यांमध्यें हातभर जागा असते. शिवाय रस्त्याच्या कडेनें डोक्यावर भारा घेऊन चालणारी बाई त्याला दिसत नाहीं, ती कदाचित् आपल्याच गांवची असते.

कायद्याकडे वळतांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. बसवून देणारे पुष्कळदां असें म्हणतात, कीं आर.सी. बुकांत दिव्याचा उल्लेखच नसतो, तेव्हां दिवा बदलल्यानें नोंदणींत फरक पडत नाहीं. हें अर्धसत्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलांशीं नोंदणीचा तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असें सांगतें. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं या कलमाचा अर्थ कडक लावला व उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करतां येत नाहीं असें ठरविलें. परंतु दिव्यांच्या बाबतींत एवढ्यावर थांबण्याचें कारणच नाहीं. त्याच वर्षीं कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें १८२-अ हें कलम घातलें. त्याच्या चौथ्या पोटकलमान्वयें, परवानगी नसलेले भाग मागाहून बसवून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिनेपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या. ‘मागाहून बसविलेले भाग’ हे शब्द तेथें स्पष्ट आहेत; आर.सी. बुकांत दिव्याचें नांव असो वा नसो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर दिव्यांस स्वतंत्र नियम आहेत, व ते प्रत्येक वाहनधारकानें एकदां तरी वाचावे असे आहेत. १०५ व्या नियमाप्रमाणें पुढील दिव्यांनीं १५५ मीटर अंतरावरील माणसें व वाहनें स्पष्ट ओळखूं आलीं पाहिजेत. म्हणजे मिणमिणता दिवा हाही कायद्याचा भंगच आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. लगेच पुढचा १०६ वा नियम दुसरी बाजू सांभाळतो. दिव्यापासून ८ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्यास प्रकाशानें दिपवितां कामा नये. दिवा कायमचा तसा खालीं वळविलेला असावा, किंवा चालकास तो खालीं करतां आला पाहिजे. दीड मीटर उंची ही समोरून पायीं येणाऱ्या माणसाच्या डोळ्याची उंची होय. आणि १११ वा नियम, पूर्वपरवानगीवांचून व असाधारण कारणावांचून गाडीच्या पुढें स्पॉटलाईट किंवा शोधदीप लावण्यास मनाई करतो. बंपरावरील व टपावरील दिव्यांच्या पट्ट्या पोलीस काढावयास लावतात त्याला असा आधार आहे. ती केवळ शिपायाची लहर नव्हे.

मालवाहू पिकअपच्या पासिंगच्या वेळीं पुढील दिवे पाहिले जातात तें निराळेंच. विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफारही अपघातानंतर दाव्याच्या वेळीं वादाचें कारण होऊं शकतो.

दिवा चांगला कीं वाईट हें ठरवावयाचें कोणी, याचें उत्तर मुळशीकरांच्या वाटेवरच आहे. पुण्यास जातांना पौड रस्त्यानें कोथरूडांत शिरलें कीं डाव्या अंगाच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, जिला एआरएआय म्हणतात, ती १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. वाहनांच्या भागांचीं एआयएस नांवाचीं प्रमाणें ती प्रसिद्ध करते, व दिव्यांच्या चाचण्या तेथें होतात. बल्बासाठीं एआयएस-०३४ हें प्रमाण आहे. अशा चाचणींत दिव्यापुढें दूरवर पडदा धरून, त्यावरील ठराविक बिंदूंपैकीं कोठें कमीत कमी किती उजेड पाहिजे आणि कोठें अमुकाहून अधिक नको, हें मोजतात. ही दुसरी मर्यादा महत्त्वाची. बाजारांतील वेष्टनावर ‘इतके हजार ल्युमेन’ असें छापलेलें असतें तें एकंदर प्रकाशाचें माप. तो कोठें पडतो याविषयीं वेष्टन कांहींच सांगत नाहीं.

जर्मनीनें २०२० सालीं जुन्या हॅलोजन दिव्यांत घालण्याच्या कांहीं एलईडी बल्बांस प्रथम परवानगी दिली, ती कशी दिली हें येथें पाहण्यासारखें आहे. सरसकट नव्हे, अमुक बल्ब, अमुक मोटारीच्या अमुक दिव्यांत तपासून, अशा यादीनें दिली. यादींत नसलेल्या गाडींत तोच बल्ब तेथेंही बेकायदेशीरच. ‘परदेशांत चालतो’ असें सांगून जो बल्ब आमच्याकडे विकला जातो, त्याच्याबाबत ही गोष्ट विक्रेता सांगत नाहीं.

जुन्या बाजारांतून किंवा परदेशी बनावटीचा अखंड दिवा घेणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट जपावी. आपण डावीकडून चालतों, म्हणून आपल्या डिप्परची रेषा डाव्या बाजूस थोडी वर चढते, जेणेंकरून डावी कड, तेथील माणसें व मैलाचे दगड दिसावे. अमेरिका व युरोपांतील बहुतेक देश उजवीकडून चालतात. तेथील दिव्याची रेषा उजवीकडे चढते. तो दिवा येथें लावला म्हणजे समोरच्याच्या नेमक्या डोळ्यांत जातो, आणि कितीही खालींवर केला तरी तो दोष जात नाहीं. युरोपीय पद्धतीच्या दिव्यांच्या कांचेवर वर्तुळांतील ‘ई’ खुणेजवळ बाण असतो. दिव्यासमोर उभें राहून पाहिलें असतां बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांचा. दोन्हीकडे टोंक असेल तर दोहोंस चालणारा. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्यांचा, आपल्या उपयोगाचा नव्हे.

मग उजेड वाढवावा कसा? आमच्या मतें दहांपैकीं आठ गाड्यांत नवें कांहीं घेण्यापूर्वीं आहे तोच उजेड परत मिळवावयाचा असतो.

आरंभ कांचेपासून करावा. हल्लींची ‘कांच’ ही बहुधा प्लास्टिकची असते, व उन्हानें तिच्यावरील संरक्षक थर जाऊन ती पिवळट व धुरकट होते. असा पडदा एकीकडे उजेड गिळतो आणि दुसरीकडे तो भलतीकडे उधळतो; म्हणजे आपल्याला कमी दिसतें व समोरच्याला अधिक टोंचतें. बारीक घासकागद ओला करून व नंतर पॉलिश लावून ती पुष्कळ अंशीं साफ होते, परंतु घासल्यावर नवा संरक्षक थर दिला नाहीं तर थोड्याच महिन्यांत ती पुन्हां पिवळी पडते. खाचरांच्या कडेनें जाणाऱ्या गाडीवर चिखलाचा पातळ थर रोज बसतो. तो ओल्या फडक्यानें पुसावा, कोरड्यानें घासूं नये. वाटीचा चकचकीतपणाच गेला असेल तर मात्र दुसरा इलाज नाहीं, कंपनीचा पूर्ण दिवा नवा घ्यावा.

मुळशीच्या पावसांत दिव्यांत पाणी शिरतें ही नेहमींची तक्रार. बल्बाच्या मागें रबराची टोपी असते; ती फाटली असल्यास बदलावी, आणि दिव्याच्या खालच्या बाजूचें हवेचें बारीक भोंक चिखलानें बुजलें असल्यास मोकळें करावें. पंखा जोडलेला एलईडी बल्ब बसविण्यासाठीं पुष्कळदां ही टोपी कापतात किंवा काढूनच टाकतात. एका पावसाळ्यांत वाटी काळवंडते ती त्यामुळें.

नंतर विजेचा दाब. हॅलोजनच्या तारेचा उजेड दाबावर फार अवलंबून असतो. दाब शेंकडा १० नें उतरला तर उजेड शेंकडा ३० नें उतरतो. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून प्रथम बॅटरीवर आणि मग बल्बाच्या होल्डरवर मीटर लावून पाहावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर असेल तर उजेड वाटेंतच हरवत आहे असें समजावें. बहुतेक दोष अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूंत, काळ्या पडलेल्या होल्डरांत किंवा झिजलेल्या स्विचांत सांपडतो. जुन्या गाडींत जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजसहित रिले बसवून बॅटरीपासून जाड तार घेतल्यास मूळच्याच ६०/५५ वॅटच्या बल्बाचा उजेड उठून दिसतो. हमीची मुदत चालू असलेल्या नव्या गाडीची तार मात्र कापूं देऊं नये. ती तक्रार विक्रेत्याकडेच न्यावी.

बल्ब घ्यावयाचा तो त्याच वॅटचा, प्रमाणित बनावटीचा, व दोन्ही बाजूंचे एकदम. त्याच ६०/५५ वॅटांत अधिक तेज देणारे चांगल्या कंपन्यांचे बल्ब मिळतात. त्यांची तार अधिक तापते म्हणून तेज वाढतें व आयुष्य घटतें. ज्याला रोज रात्रीं जावें लागतें त्यानें हा खर्च करण्यास आमची हरकत नाहीं. निळ्या कांचेचे बल्ब मात्र घेऊं नयेत, कारण निळा रंग म्हणजे प्रकाशाचा कांहीं भाग गाळून टाकणें होय. बसवितांना बल्बाच्या कांचेस बोट लावूं नये. बोटाच्या तेलकटपणानें तेथें कांच जास्त तापून फुटते. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारास कंपनीनें चांगला दिवा दिला असेल, तर तो आपल्या गाडीस चालेल काय हें अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्यावें, शंका असल्यास परिवहन कार्यालयास अर्ज करून विचारावें, आणि पावती जपून ठेवावी.

सर्वांत मोठा लाभ दिव्याची दिशा ठीक केल्यानें होतो, व त्यास पैसाही लागत नाहीं. सपाट जमिनीवर, चाकांत हवा नीट भरून, भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तितक्याच उंचीवर आडवी रेघ मारावी. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खालीं पडावी. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच असेल तर १० सेंटिमीटरांच्या उतारानें उजेड ७५ मीटरांवर रस्त्यास टेकतो व १५ नें ५० मीटरांवर. दोन्ही दिवे एकेक झांकून निरनिराळे तपासावे. दिव्याच्या मागें दोन स्क्रू असतात. एकानें प्रकाश खालींवर व दुसऱ्यानें आडवा सरकतो.

येथें मालवाहू गाडीवाल्यानें विशेष लक्ष द्यावें. मागें माल भरला कीं मागची बाजू बसते व पुढची उचलली जाते. दोन चाकांमधील अंतर अडीच मीटर असून मागची बाजू पांच सेंटिमीटर बसली तर गाडीचा कल १० मीटरांवर २० सेंटिमीटरांनीं बदलतो. म्हणजे जो डिप्पर १० सेंटिमीटर खालीं होता तो १० सेंटिमीटर वर जातो, आणि डिप्परवर असूनही ती गाडी समोरच्यास अप्परवर असल्यासारखी दिसते. समोरचा मग आपला अप्पर मारतो, आपण चिडून आपला मारतों, आणि दोघेही आंधळे होतात. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूस ० ते ३ आंकड्यांचें एक लहान चाक असतें तें याचसाठीं. माल भरल्यावर आंकडा वाढवावा, रिकामी परततांना शून्यावर आणावा. ही सोय असून तिची माहिती नसलेले चालक पुष्कळ भेटतात. ज्या गाडींत ती नाहीं तिची दिशा, नेहमींचें ओझें भरून, त्या स्थितींतच ठरवून घ्यावी.

इतकें करूनही डिप्परचा उजेड ५० ते ७५ मीटरांपलीकडे जात नाहीं, हें मनांत बाळगून वेग ठेवावा लागतो. ताशीं ६० च्या वेगांत, धोका दिसून पाय ब्रेकवर जाण्यास दीड सेकंद धरल्यास २५ मीटर जातात, व ओल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें ३५, एकूण ६०. ताशीं ४० ला हेंच एकंदर ३२ मीटरांच्या आसपास येतें. ताशीं ८० ला तें ९५ होतें, म्हणजे डिप्परच्या उजेडांत दिसलेलें जनावर चुकविणें अशक्य. एवढ्या अंतरास बल्ब पुरा पडणार नाहीं.

ताम्हिणींतील धुक्याची गोष्ट निराळी. तेथें अधिक उजेड म्हणजे अधिक आंधळेपणा. अप्परचा प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून परतून डोळ्यांपुढें पांढरी भिंत उभी राहते. पिवळा प्रकाश धुकें भेदतो असा समज फार पसरलेला आहे, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात कीं सर्व रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्याच्या दिव्याचा गुण त्याच्या रंगांत नसून तो खालीं बसविलेला असतो व त्याचा प्रकाश पसरट आणि वर न जाणारा असतो यांत आहे. कंपनीनें दिलेले असे दिवे असल्यास ते व डिप्पर लावून, डावी कड धरून, हळू जावें. धुकें सरल्यावर ते बंद करावे.

दुचाकीस १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत दिवा आपोआप लागण्याची सक्ती झाली. तत्पूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत दिव्याचा प्रवाह बॅटरीवाटे न येतां मॅग्नेटोंतून सरळ येतो, त्यामुळें इंजिन मंदावलें कीं दिवा मंदावतो. अशा गाडींत जास्त वॅटचा बल्ब घातल्यास तो अधिकच मंद जळतो. क्रॅशगार्डवर बसविलेल्या छोट्या झोतदिव्यांस वर सांगितलेला १११ वा नियम लागू आहेच.

ट्रॅक्टरचे दिवे मोटारीपेक्षां बरेच उंच असतात. मोटार चालविणाराचा डोळा साधारण तितक्याच उंचीवर येतो. म्हणून ट्रॅक्टरचा दिवा मोटारीच्या मानानें अधिक खालीं वळविलेला असावा, १० मीटरांवर २० ते ३० सेंटिमीटर. नांगरटीसाठीं मागें लावलेला पांढरा दिवा शेतांतून रस्त्यावर येतांच बंद केला पाहिजे. १०८ व्या नियमाच्या धोरणानें मागें दिसणारा दिवा तांबडा असावा लागतो. मागाहून येणाऱ्यास पांढरा दिवा दिसला कीं समोरून गाडी येत आहे असा त्याचा समज होतो, व तो भलत्या बाजूस वळतो. ट्रॉलीस तर पुष्कळदां मागें दिवाच नसतो. उंसानें किंवा पेंढ्यानें भरलेली ट्रॉली मागून काळ्या ढिगासारखी दिसते, आणि मागच्या गाडीचे दिवे कितीही चांगले असले तरी काळा ढीग प्रकाश परत देत नाहीं. पुढें पांढरी, बाजूंस पिवळी व मागें तांबडी चमकती पट्टी लावण्यास फार खर्च येत नाहीं. ती मालानें झांकली जाणार नाहीं अशा ठिकाणीं, शक्य तर फळीच्या अगदीं खालच्या कडेस व दोन्ही कोपऱ्यांवर लावावी, आणि शेतांतून निघतांना तिच्यावरील चिखल पुसावा.